तळलेली सुशी

"पप्पा, आज नाटक करायचं नाही," मुलीने रिक्षातच बजावलं. मुलगा तिने स्वतःच पसंत केला होता, पण त्याच्या आईने तिला तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं. त्या 'हो' म्हणाल्या तरच लग्नाची बोलणी पुढे सरकणार होती.

बेव्हर्ली पार्कातलं हे जपानी हॉटेलही मुलीचीच निवड. दिसायला झकपक, खिशाला सोसणारं. कागदी कंदील, बुटकी टेबलं आणि मेनूत सुशीवर चक्क शेजवान चटणी. टेबलावरचा काळा सॉस मी बोटाने चाखला. आमच्या आजोबांची मिठागरं होती, पण इतकं खारट तेही कधी बोलले नसतील.

मायलेक शांतीनगरहून आले. बाई मूळच्या रत्नागिरीच्या. म्हणजे दोन्ही घरं मासे खाणारी, म्हणून मी निर्धास्त होतो. चौघांत आठ तुकडे आले. भातावर माशाची गुलाबी चकती. 'कच्चा' हा शब्द कुणीच उच्चारला नाही.

मुलीचा बाप म्हटल्यावर आग्रह आलाच. काठ्या बाजूला ठेवून मी हातानेच एक तुकडा बाईंना वाढला. "घ्या, विहीणबाई!"

टेबलाखाली मुलीने माझा पाय दाबला.

"तुम्ही आधी," म्हणत बाईंनी दोन माझ्या बशीत ठेवले. मी ते परत वाढले. पोरं आपापले खाऊन मोकळी झाली, आमचे चार तुकडे मात्र या बशीतून त्या बशीत फिरत राहिले.

शेवटी बाई म्हणाल्या, "खरं सांगू? पापलेट मी कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नाही. याचे कल्ले कुठे बघू?"

"मी घरी सांगून आलोय, मला सगळं चालतं म्हणून."

"मग चालतं का?"

"नाही ओ."

मी वेटरला हाक मारली. "भाई, ये जरा तवे पे मारके लाओगे?" मुलीने डोळे मिटून घेतले.

आचारीच बाहेर आला. "तवा नहीं है, अंकल. तल के दूँ?"

"रवा है?" बाईंनी विचारलं.

"ब्रेडक्रम्स हैं."

"चलेगा."

तळलेले तीन तुकडे आम्ही बघता बघता फस्त केले. चौथ्याला कुणी हात लावेना. मी आग्रहासाठी तोंड उघडणार, इतक्यात बाईंनी त्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या मुलीच्या बशीत ठेवला.

"आमच्याकडे रविवारी मासे हा तळतो," मुलाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "बसून खायला जमेल ना तुला?"

उठून कमरेत वाकून जपानी नमस्कार करावा, असं फार वाटलं. पण मुलीचा पाय अजून माझ्या पायावरच होता.