साळुंकीचा दुसरा डोळा

अर्ध्या इंदोरा वस्तीचे चेहरे ज्यानं टिपले, त्या नागसेनच्या घरात तीन वर्षांपासून बायकोचा एक फोटो निघाला नव्हता. आजवर कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं. पण पिंकीचं लग्न जुळलं आणि पोरीनं एक दिवस जेवता जेवता विषय ताटात आणून ठेवला.

"बाबा, आई फोटोत नसन तं मले अल्बमच नको."

माया भातात वरण कालवत राहिली. "मांडवात राहीनच ना मी. फोटोत कायले पाहिजे?"

"पाहिजे म्हणजे पाहिजे."

"जेव वं चुपचाप."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना मायाच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी आपोआप गळायला लागलं. चेहऱ्याला लकवा मारला होता. औषधं झाली, गाल फुगवण्याचे व्यायाम झाले, पुष्कळसं सुधारलंही. पण डावी पापणी खाली राहिली ती राहिलीच, आणि हसली की तोंड उजवीकडे पळायचं. पुढे वर्षभरात ती कॅमेऱ्यासमोरून उठून जायला लागली. कुणी फोटोसाठी उभं राहा म्हटलं की हिला नेमका गॅसवरचा चहा आठवायचा. नागसेन मनाशी म्हणायचा, लाजते बिचारी. जोर नको करायला.

त्याचा स्टुडिओ बर्डीच्या बाजारातल्या एका गल्लीत, जिन्याखाली. पासपोर्ट फोटो तर होतेच, पण त्याचा खरा हात बसलेला होता तो हार घालायच्या फोटोंवर. घरचं कुणी गेलं की लोक एखाद्या लग्नाच्या घोळक्यातला पुसट चेहरा घेऊन यायचे आणि म्हणायचे, भाऊ, बाबाले कोट घालून द्या. नागसेन कोट घालायचा, टाय बांधायचा, मिटलेले डोळे उघडायचा, गालावरचा देवीचा वण पुसायचा. जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस निळ्या कोटात भिंतीवर चढायचा. घरचे लोक त्याकडे पाहून रडले की नागसेन समजायचा, फोटो जमला.

पाखरांचा नाद त्याला उन्हाळ्यानं लावला. त्याच्या घराच्या खिडकीला लागून लोखंडी स्टँडवर कूलर होता आणि त्याच्या बुडातून पाणी ठिबकायचं. मे महिन्याच्या उन्हात त्या चार थेंबांसाठी चिमण्या, बुलबुल, सातभाई, कावळे, सगळं गणगोत जमायचं. नागसेन आतून, पडद्याच्या फटीत लेन्स खुपसून बसायचा. पाखरू पूर्ण दिसायला नको होतं त्याला. नुसता चेहरा पाहिजे, पासपोर्टसारखा. जवळून पाहिलं तर चिमणीच्या चोचीशी मिशा असतात आणि ज्याला आपण काळा कावळा म्हणतो त्याच्या मानेवर राखेचा रंग असतो, हे त्याला पन्नाशीत कळलं. मग कॉम्प्युटरवर बसून तो मागची भिंत पुसट करायचा, पिसांची कड उठवायचा, डोळ्यात चमक भरायचा. पाखरांची एक सोय होती. थोडं गोरं करा, असं त्यातलं कुणी म्हणत नव्हतं.

त्या गोतावळ्यात एक साळुंकी होती. तिचा डावा डोळा फुटलेला, नुसती सुरकुतलेली कातडी. बाकीच्या पाखरांना दटावून ती पहिल्यांदा पाणी प्यायची, म्हणून मायानं तिला आपल्या मावससासूचं नाव ठेवलं होतं, बायजाबाई. दुपारी भांडी घासून झाली की माया खिडकीत पोळीचा चुरा टाकायची आणि तिच्याशी बोलायची. बायजाबाई मान तिरपी करून ऐकायची.

जेवणावरच्या त्या बोलण्यानंतर आठवड्याभरानं नागसेननं कॉम्प्युटरवरून हाक मारली. "माया, ये वं. एक गंमत दाखवतो."

पडदाभर साळुंकीचा चेहरा होता. पिवळी चोच, डोळ्याभोवती पिवळी कातडी, आणि मधोमध पाणीदार डोळा.

"हे कोण आहे जी?"

"बायजाबाई. नाही ओळखली?"

"बायजाबाईले हा डोळा कुठून आला?"

"मी बसवला. त्या बाजूचा उचलला, पलटवला, इकडे लावला." नागसेन खुर्चीत मागे रेलला. "पाह्य ना, सांधा दिसते काय कुठी?"

माया वाकून पाहत राहिली. "नाही दिसत," ती म्हणाली. "श्वेताच्या अल्बमातही नव्हता दिसत."

रेललेला नागसेन सरळ बसला.

श्वेता त्याची पुतणी. मायाला लकवा झाल्यावर वर्षाच्या आत घरातलं पहिलं लग्न तिचं. त्यातल्या मोठ्या ग्रुप फोटोत नागसेननं मायाच्या चेहऱ्याची उजवी बाजू उचलून, पलटवून, डाव्या बाजूवर बसवली होती. काम इतकं साफ की नातेवाइकांत कुणाला पत्ता लागला नाही. मायानंही अल्बम पाहून छान आहे म्हटलं होतं.

"तुले वाईट वाटू नये म्हणून केलं मी," तो म्हणाला.

"मले कुठी वाईट वाटून राहिलं होतं? मी तं त्या दिवशी खुशीत होती. फोटो पाहिला तवा समजलं, तुम्हालेच पाहवत नाही म्हणून."

"असं नाही वं."

"मंग कसं?"

नागसेननं खिडकीकडे पाहिलं. बाहेर कूलरचं पाणी ठिबकत होतं.

"ही बायजाबाई," माया पडद्याकडे बोट करून म्हणाली, "पाणी पेताना चांगला डोळा गल्लीकडे ठेवते. मांजर असते ना तिकडे. फुटका आपल्याकडे करते. आपल्याकून तिले भेव नाही म्हणून. अन् तुम्ही तोच बुजवला."

ती आत निघून गेली. नागसेननं एक एक करून सगळी दुरुस्ती मागे घेतली. पडद्यावर पुन्हा ती सुरकुतलेली कातडी आली. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही, बाबा, कोट पाहिजे का. पण माया तर रोज समोर ताट वाढत होती. तिला विचारायला काय झालं होतं?

रात्री त्यानं विचारलं. "पिंकीसंगं एक फोटो काढू काय? तू म्हणशीन तं."

"पाहू," माया म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळीच निळ्या काठाची साडी नेसून खिडकीजवळ येऊन बसली. "काढा. पण बर्डीत नेऊ नका. जे कराचं थे इथीच, माझ्यासमोर."

पिंकी आईला बिलगून बसली. "आई, मान तिरपी नको करू, बायजाबाईवानी दिसून राहिली."

माया हसली. तोंड उजवीकडे गेलं आणि नागसेननं बटण दाबलं.

संध्याकाळी ती त्याच्या खुर्चीला स्टूल लावून बसली. पडद्यावर मायलेकी होत्या. नागसेननं मागच्या भिंतीवरचा खिळा काढून टाकला. साडीच्या पदरावरचा पोळीचा कण काढला.

"तोंडाले हात नका लावू."

"नाही लावत."

मग तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "अन् हे केस?"

"केसाचं काय?"

"कानामागचे पांढरे दिसून राहिले. तेवढे काळे करा."

नागसेननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे कराचं?"

"मी सांगून राहिली ना. सांगते तेवढं करा."

त्यानं सगळ्यात बारीक ब्रश घेतला. एक केस काळा केला की थांबायचा आणि विचारायचा, "एवढा?"

"अजून थोडा," माया म्हणायची.