संमतीपत्रातली कोरी जागा

दुष्काळी अनुदानाच्या यादीत वडिलांचं नाव होतं, पैसे मात्र येईनात. तलाठ्यानं कारण सांगितलं, सातबारा सामाईक. वडील आणि धाकटे काका, दोघांची नावं एकाच उताऱ्यावर. रक्कम थोरल्या भावाला द्यायला हरकत नाही, असं काकांचं संमतीपत्र हवं. शेती वडीलच कसायचे. काका वाळूजच्या कंपनीत होते, राहायलाही तिकडेच.

आमची म्हैस गाभण होती आणि कडबा संपत आला होता. अनुदान आलं तर ती दावणीला राहणार, नाहीतर गंगापूरच्या बाजारात जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी कागद देऊन मला धाडलं. "मी गेलो तर त्येला वाटंल, गोड बोलून सही घ्याया आला," म्हणाले.

शहर तेव्हा आमच्या दिशेनं सरकत होतं. जीपमधून मला कपाशीपेक्षा प्लॉटिंगच्या पाट्याच जास्त दिसल्या. जमिनीला भाव आला आणि माणसांची नजर बदलली. कुणी नुसतं बांधावर उभं राहिलं तरी आम्हाला वाटायचं, हा काय मोजतोय?

काकांनी चहा पाजला. मग कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. मजकूर आणि सहीच्या मध्ये चार बोटं जागा कोरी होती. त्यांनी खरंच बोटं ठेवून मोजली.

"इथं काय लिव्हणार?"

"खाते नंबर, काका. तलाठ्यानंच सोडायला सांगितलंय."

"आन उद्या तिथं हक्कसोड लिव्हलं म्हंजी?" कागद त्यांनी ट्रंकेत ठेवला. "दादाला सांग, नीट वाचून बघतो."

मला भयंकर राग आला. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना एका घोंगडीत झोपलेले हे दोघं भाऊ! काकांचं वाचून काही झालं नाही, मुदत तेवढी संपली. म्हैस बाजारात गेली. वडील त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत, मीही नाही.

दोघंही गेले. उताऱ्यावर आता माझं आणि काकांच्या मुलाचं नाव आहे. कंपनीनं काढल्यावर तो गावी परतला, शेती तोच बघतो. मी शहरात मास्तरीण. गेल्या दुष्काळात तो माझ्या दारात आला, हातात तसलाच कागद. बहिणींकडून कशावर सह्या घेतात, हे मी शाळेतल्या बायकांकडून पुष्कळ ऐकलं होतं. मी कागद उजेडात धरला.

"इथं काय लिहिणार?"

"खाते नंबर, आक्का. उद्या शेवटची तारीख हाय."

मी पेन घेतलं, कोऱ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढली आणि मग खाली सही केली. आता नंबर लिहायला जागाच उरली नव्हती. असा कागद तलाठी घेणार नाही, हे मला रेघ ओढून झाल्यावर कळलं. भावाला ते आधीच कळलं असावं.

"दुसरा लिही," मी म्हणाले. "करते सही."

त्यानं कागदाची नीट घडी घातली.

"ऱ्हाऊ दे, आक्का. म्हशीला गिऱ्हाईक आलंय."