माझा मेव्हणा आणि सागाच्या फळ्या

सोलापुरातल्या एकाही सागाच्या फळीला माझ्या मेव्हण्यानं कधी चांगलं म्हटलेलं नाही. एकदाच म्हणाला, आणि तेव्हा मला घाम फुटला. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सुतार नाही, वखारवाला नाही. मैंदर्गीत किराणा दुकान आहे त्याचं. पण आमच्या नात्यात कुणाचा पलंग करायचा असो की दरवाजा, ह्याला एसटीत बसवून आणल्याशिवाय कुणी लाकूड घेत नाही. मी म्हणायचो, घ्या की त्याला न विचारता. ऐकतंय कोण?

वखारीत तो शिरला की हमाल ओरडतात, "आ गये लकडी के डाक्टर!" आणि मालक आत जाऊन बसतो. मग हा चष्मा कपाळावर चढवून एकेक फळी बाहेर काढायला लावणार. अंगठा थुंकीनं ओला करून घासणार, कारण बाहेरच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडावर रंग चोळून आतला गाभा म्हणून विकतात असं त्याचं म्हणणं. मग वास घेणार. नुसता नाही, डोळे मिटून, पोटभर. मग बोटाच्या पेरानं ठोकून कान लावणार. एवढं झाल्यावर मान हलवून म्हणणार, "ब्याड." कानडीत ब्याड म्हणजे नको. सकाळपासून दुपारपर्यंत ब्याड, ब्याड. मालक आतून म्हणायचा, "अहो, बल्लारशाच्या जंगलातला माल हाय!" हा म्हणायचा, "बल्लारशाला एकच झाड हाय का? चांगलं दुसऱ्यानं नेलं आसंल की." माझी बायको तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसलेली असायची, भावाकडं बघत, जसा काय तो परीक्षेचा पेपर लिहितोय. दोघं कानडीत बोलायचे. मला अर्धं कळायचं, अर्धं नाही, आणि पाय लई दुखायचे.

हे खूळ वखारीपुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा छातीत दुखतंय म्हणून त्याला डॉक्टरकडं नेला. डॉक्टर म्हणाले, श्वास घ्या. ह्यानं टेबलावर वाकून श्वास घेतला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, फसला तुमी. बाभळ हाय ही." माझ्या मुलासाठी पोरगी बघायला गेलो तेव्हा तर लाज काढली. चहा आला, पोहे आले, पोरगी येऊन बसली, आणि ह्यानं कपबशा बाजूला सारून टीपॉय उलटा केला. परत येताना गाडीत म्हणतो, "पोरगी सोन्यासारखी हाय दाजी, पन टीपॉय प्लायचा हाय. इचार करा." ती पोरगी आज आमची सून आहे. हे तिच्या कानावर कुणी घातलं देवाला माहीत, पण मामा आले की ती पहिल्यांदा बैठकीतला टीपॉय आत ठेवून येते.

बायकोला एक कपाट पाहिजे होतं. सागाचं, जाड फळ्यांच्या दाराचं, इरकल साड्या ठेवायला. मुलगा म्हणाला, शोरूममधून आणू, दोन दिवसांत घरपोच. ती म्हणाली, माझा भाऊ बघंल. मग काय, उन्हाळाभर वखारी पालथ्या घातल्या आणि शेवटी ह्यानं काही फळ्या निवडल्या. निवडल्या म्हणजे, "ह्यातल्या त्यात बऱ्या," असं तोंड वाकडं करून म्हणाला. पण त्या लगेच कापायच्या नाहीत! फळ्यांना आधी घराची हवा लागली पाहिजे. हा म्हणाला, पावसाळा काढू दे, मग मी येऊन बघीन, जी वाकंल ती वाकंल, उरलेल्याचं कपाट. म्हणून फळ्या आमच्या बैठकीत भिंतीला उभ्या राहिल्या, मध्ये काठ्या घालून. येणारा-जाणारा विचारायचा, काम काढलंय का? बायको सांगायची, "न्हाय, पावनं आल्यात, ऱ्हायला."

पाऊस संपायच्या आधीच बायको गेली. आजारपण लांबलं नाही. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर सून म्हणाली, आईंच्या साड्या बायकांना वाटू या, तशी रीत आहे. सून वाईट नाही, पण मला ते झेपेना. मी म्हणालो, कपाट होऊ दे, साड्या घरातच राहतील. ती म्हणाली, पेटीत कसर लागायच्या आधी करा मग. म्हणून मी सुताराला बोलावलं आणि मेव्हण्याला फोन केला.

आला. वाळला होता. चप्पल काढून भिंतीला टेकून बसला. फळ्यांकडं बघितलंसुद्धा नाही.

सुतार म्हणाला, "मामा, एकदा नजर टाका, मग मशीन लावतो."

"लाव की."

"लाव की म्हंजे?" मी म्हणालो. "बघ की रं नीट."

"चांगल्या हायत, दाजी."

खरं सांगतो, ज्या माणसानं आयुष्यभर माझा जीव खाल्ला, त्यानं आता खावा असं मला वाटायला लागलं. मी म्हणालो, "आसं कसं न बघता?"

"अक्का म्हनायची बघ, म्हनून बघत हुतो. आता कपाट काय नि खोकं काय."

मी उठलो, हाताला लागली ती फळी ओढली आणि त्याच्यासमोर आदळली. मला साग आणि कडुनिंबातला फरक कळत नाही. पण म्हणालो, "ही पांढरी हाय. वखारवाल्यानं उल्लू बनवलं तुला."

त्यानं मान वर केली. "कुटं पांढरी?"

"ही काय! आंधळ्यालाबी दिसंल."

"खिडकीचा उजेड हाय त्यो. तुमाला काय कळतंय वो, दाजी!" म्हणत उठला. फळी फिरवली. एक डोळा मिटून कडेवरून पार टोकापर्यंत बघितलं. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिसरीमागं बराच वेळ तोंड घालून बसला. सुतार काही बोलणार होता, मी त्याला हातानं थांबवलं.

फळीमागून त्याचा आवाज आला, "ही पीळ खाल्लीया. तवाच म्हनलो हुतो घिऊ नको. अक्काला हिची रेघ आवडली हुती."

"मग ऱ्हाऊ दे ती."

"ऱ्हाऊ दे कसं? दार लागनार न्हाय जन्मात." नाक पुसून बाहेर आला. "आतल्या कप्प्याला घालू. साड्या हिच्यावरच ऱ्हातील. दाराला दुसरी बघाय पायजे. सोमवारी वखारीत जाऊ. तुमीबी चला."

सुतार मशीन उचलून गेला. नवी फळी येणार, ती परत भिंतीला उभी राहणार, तिला हवा लागणार, म्हणजे कपाट काही इतक्यात होत नाही. माझे पाय आत्तापासूनच दुखतायत. संध्याकाळी सूनबाईनं पेटी उघडली. साड्या झटकल्या, मधे कडुनिंबाचा पाला घातला आणि माझ्या पलंगावर, सासू निजायची त्या बाजूला, नीट थप्पी लावून ठेवली. म्हणाली, "असू देत इथं तोवर." मी भिंतीकडं सरकून निजतो.