रिबेकाच्या वहीतल्या चार ओळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. प्रार्थनेला बसले तरी — हो, तिथेसुद्धा मी एवढं वगळूनच बोलते. देवाला माहीतच आहे, मग पुन्हा कशाला, अशी सोयीची समजूत करून घेतली आहे. तुम्हाला सांगते. मधे थांबले तर थांबू द्या.

शहापूरला आम्हा पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबांची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. आठवड्यातून तीन दिवस ती प्रार्थनागृहामागच्या खोलीत जमतात आणि मी त्यांना मराठी शिकवते — व्याकरण, कविता, निबंध. मी तशी फटकळ बाई. पहिल्याच दिवशी बजावते, डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा, छापील काही चालणार नाही. किती तोऱ्यात सांगते म्हणून सांगू!

रिबेका तेव्हा अकराची. तिच्या वडिलांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हापासून त्यांच्या बापाने, म्हणजे तिच्या आजाने, मुलाशी बोलणं टाकलेलं. आजा मुरबाडकडे, म्हसा गावाजवळच्या पाड्यावर राहायचा. नातीवर मात्र त्याचा जीव. दरवर्षी पौषात म्हशाच्या जत्रेला तिची आई तिला त्याच्याकडे घेऊन जायची.

नाताळच्या कार्यक्रमात आमच्याकडे प्रत्येक मूल उभं राहून स्वतःचा निबंध वाचतं. रिबेकाने लिहिला ‘माझा आजा’. काय लिहिलं होतं पोरीने! जत्रेत बैल घेताना आजा त्याचे दात कसे बघतो, उपरण्याखाली बोटं दाबून भाव कसा ठरवतो, गर्दीत ती हरवू नये म्हणून तिच्या ओढणीचं टोक आपल्या धोतराला कसं बांधतो. शेवटी देऊळ. ‘आजा हात जोडतो तेव्हा मीपण जोडते, कारण तेव्हा त्याचं तोंड फार चांगलं दिसतं.’ वही तपासायला घेतली होती, वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

आणि लगेच भीती वाटली. देवळापुढे हात जोडणारी पोर, नाताळात, माझ्या वर्गातली? लोक काय म्हणतील? मुलं काढून घेतील का? — कुणी काही म्हटलं नव्हतं हं. कुणी वही पाहिलीही नव्हती. मीच लाल पेन घेतलं, देऊळ खोडलं आणि तिथे चार ओळी लिहिल्या. सांगायलाच हव्यात ना? ‘माझा आजा अंधारात आहे. तो दगडाला देव मानतो. मला त्याची लाज वाटते. त्याचे डोळे उघडावेत म्हणून मी प्रार्थना करते.’

लाज. तो शब्द माझा. पोरीच्या मनात तो कधी नव्हताच.

“टीचर, पण आजा असा नाय,” ती म्हणाली. मी म्हटलं, शेवट असाच शोभतो, स्वच्छ उतरवून काढ.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती धावतच आली. वडील स्वतः पाड्यावर जाऊन आजाला बोलावून आले होते. इतक्या वर्षांनी बाप-लेक बोलले होते, आणि आजा तिचा निबंध ऐकायला येणार होता. मग हळूच तिने विचारलं, त्या चार ओळी गाळू का? आता सांगा — काय कठीण होतं? नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण एकदा दुरुस्त केलेलं मी मागे घेत नाही, असा माझा ताठा. आयत्या वेळी बदल नको, गडबडशील, असं म्हणाले मी.

म्हातारा एसटीने आला. धुतलेलं धोतर, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसला. बैलाचे दात ऐकताना हसला, ओढणीचं ऐकून शेजारच्याला कोपराने ढोसलं. मग त्या ओळी आल्या. रिबेकाचा आवाज बारीक होत गेला, पण तिने एकही गाळली नाही. मी सांगितलं होतं ना!

संपल्यावर तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बरा वाचलास गो बाय.”

पिशवी खुर्चीवर ठेवली आणि जेवायला न थांबता गेला. पाळकबाई, म्हणजे आमच्या पास्टरांच्या पत्नी, माझ्या कानाशी म्हणाल्या, लेकराने एवढं कडू कशाला लिहावं? म्हणजे ज्यांना मी भ्याले, त्यांनाही ते नकोच होतं.

रिबेकाच्या वडिलांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, “हे तुला कोणी लिवायला सांगितलं?” तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाजाची पेटी झाकत होते. म्हणजे — झाकून झाली होती, तरी पुन्हा झाकत होते.

“मीच लिवलं,” ती म्हणाली.

वडील पुढे वही मागायला आले. हरवली, असं मी सांगितलं. माझ्या लाल शाईसकट ती अजून माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. त्या पौषात म्हाताऱ्याचा निरोप आला, पोरीला जत्रेला आणू नका. बाप-लेकाचं बोलणं पुन्हा तुटलं ते तुटलंच.

रिबेका आता चौदाची आहे. अजून माझ्याच वर्गात येते. निबंधाचा विषय दिला की बाकीची मुलं माना खाली घालून लिहायला लागतात. ती कोरं पान उघडते आणि माझ्याकडे बघत बसते.

“टीचर, काय लिवू? तुमीच सांगा.”

आणि मी सांगते. ती उतरवून घेते.