खुर्चीबाईचं वाक्य

ऑफिसात तिला सगळे खुर्चीबाई म्हणायचे, तेही तोंडावर. तिला त्याचं वाईट वाटत नसे. काम करून नाव मिळवलंय, असं ती म्हणायची.

तिच्या कामाला भारदस्त नाव होतं, ध्येयवाक्य लिहिणं. काम मात्र साधं. कंपनीनं नवं सॉफ्टवेअर करायला घेतलं, की ते कुणासाठी आणि कशासाठी, हे एका वाक्यात मांडायचं. वाक्य असं हवं, की पुढे कधी दोघं हमरीतुमरीवर आले तर भिंतीवरच्या त्या वाक्याकडे नुसतं बोट दाखवावं आणि भांडण मिटावं. ऐकायला सोपं वाटतं. पण चार शहाणी माणसं एका टेबलाशी बसवा आणि त्यांच्याकडून एक सरळ वाक्य काढून दाखवा!

त्यासाठी तिनं एक युक्ती काढली होती. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी ठेवायची. तिच्यावर बॅग ठेवायची नाही, कोट टाकायचा नाही. सॉफ्टवेअर ज्याच्यासाठी आहे, तो माणूस तिथं बसलाय असं धरायचं आणि जे सांगायचं ते त्याला सांगायचं. नवी मुलं आधी हसायची. मग त्यांच्याही नकळत खुर्चीला वळसा घालून जायला लागायची.

त्या दिवशी विषय होता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बोलका डबा. टेबलावर ठेवायचा, घरातला फोनही त्याच्यातूनच जाणार, आणि तो माणसाशी गप्पा मारणार. साहेबांनी घसा साफ केला.

"अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्यानं ज्येष्ठांचं जीवन समृद्ध आणि..."

"मला नको, साहेब. खुर्चीला सांगा."

साहेब खुर्चीकडे वळले. अर्धं वाक्य बोलले आणि ओशाळले.

खुर्चीच्या वतीनं नेहमी खुर्चीबाईच बोलायची. त्या दिवशी तिच्या तोंडून तिच्या आईचा आवाज निघाला, तोच हेल, तोच तिरकसपणा. "समृद्ध म्हणजे काय करणार हो तुम्ही? पाय चेपून देणार?"

खोली खदखदून हसली.

"बरं, मग काय हवंय तुम्हाला?" प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं. जाड भिंगांमुळे तिला चष्मा म्हणत. तिनं अगदी खुर्चीच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

खुर्चीबाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्याच आवाजात म्हणाली, "मला कुणाची उणीव भासू नये. बास."

कुणी हसलं नाही. साहेबांनी हळूच मान हलवली. भिंतीवर वाक्य चढलं: एकट्या राहणाऱ्या माणसाला कुणाचीही उणीव भासू नये.

"फर्मास!" चष्मा म्हणाली. "हेच डब्याच्या डोक्यात सगळ्यात वर घालते. काय करावं कळेनासं झालं, की तो या वाक्याकडे बघेल आणि स्वतःच ठरवेल."

पहिला डबा लागला तो खुर्चीबाईच्या आईकडेच. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिवणाच्या मशीनला लागून असलेल्या जेवणाच्या टेबलावर. आईनं आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते. तिनं डब्याकडे नापास कपड्याकडे बघावं तसं बघितलं.

"हा माझ्याशी बोलणार? आणि तू काय करणार?"

"मीपण बोलेन गं."

"बोलशील, बोलशील. मीटिंगमधून वेळ मिळाला तर."

आई अशीच होती. दार उघडताना तिचं ठरलेलं वाक्य असायचं: "आलात का महाराणी? वाट चुकलात वाटतं!" पाठोपाठ तक्रारींची सरबत्ती, आणि ती संपायच्या आत हातात गरम चहा. मीटिंगच्या मध्यात तिचा फोन यायचा, "जेवलीस का?" असं खडसावणारा. खुर्चीबाई फोन उलटा ठेवायची.

डबा लागल्यावर फोन कमी झाले. मग थांबलेच. आधी खुर्चीबाईला हायसं वाटलं. मग मीटिंगमध्ये तिची नजर पुन्हापुन्हा फोनकडे जाऊ लागली. तिनं स्वतः फोन केला, की आई म्हणायची, "मी मजेत आहे. तू तुझं काम कर हो." यात टोमणा कुठे आहे, हे ती शोधत राहायची. टोमणा नव्हताच.

एका सुट्टीच्या दुपारी ती न सांगता गेली. बेल वाजवली आणि ‘महाराणी’ ऐकायची वाट बघत उभी राहिली.

दार उघडलं. आईचा चेहरा प्रसन्न होता. "अगं, तू? ये ना. काही काम काढलंस?"

"काम कशाला हवं, आई?"

"तसं नाही गं. बस. पाणी आणते."

पाहुण्याला आणतात तसं ताटलीवर ठेवून पाणी आलं. खुर्चीबाईनं टेबलाशी ओढून ठेवलेली खुर्ची धरली.

"अंहं, तिथं नको," आई म्हणाली. "तिथं तू बसलीयेस."

"काय?"

"त्या पलीकडच्या स्टुलावर बस."

खुर्चीसमोर कपात चहा होता. साय धरलेला. आणि डब्यातून आवाज आला, "आई, कोण आलंय गं?"

तो खुर्चीबाईचाच आवाज होता. तिचाच, पण ज्याला कुठेही जायची घाई नाही असा. घरातले फोन डब्यातूनच जायचे. हा आवाज तो किती दिवस ऐकत होता!

"तूच आलीयेस," आईनं डब्याला सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज.

खुर्चीबाईनं हातातलं पाणी खाली ठेवलं. "तू कोण आहेस?" तिनं डब्याला विचारलं.

"आईला कुणाची उणीव भासू नये, म्हणून मी आहे," तिचाच आवाज म्हणाला. "तुम्ही निवांत कामावर जा."

"बघ कशी गोड बोलते," आई कौतुकानं म्हणाली. "तू सारखी घड्याळाकडे बघायचीस."

जिना उतरताना वरून हसण्याचा आवाज आला. दोघींचा. त्यातली एक ती होती.

दुसऱ्या दिवशी ती चष्म्यासमोर जाऊन उभी राहिली. "डबा बिघडलाय."

चष्म्यानं सगळं तपासलं. "बिघडला नाहीये गं. उत्तम चाललाय. काकूंना सगळ्यात जास्त उणीव तुझी भासत होती. त्यानं ती भरून काढली. वाक्यात तेच तर लिहिलंय."

"पण हे कुणाला हवं होतं?"

"तुझ्या खुर्चीलाच हवं होतं ना? खुर्चीच म्हणाली होती."

"हो, खुर्ची म्हणाली होती!"

चष्म्यानं चष्मा काढला. "खुर्ची कधी बोलली गं? तू बोललीस."

खुर्चीबाई टेबलाच्या टोकाकडे बघत राहिली. तिथं आजवर किती माणसं बसवली होती तिनं! रोगी, शिक्षक, मालमोटारीचे ड्रायव्हर. सगळ्यांच्या वतीनं तीच बोलली होती. त्यांतल्या एकालाही खरं विचारलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. आईला उणीव भासू नये, हे आईला हवं होतं, की फोन उलटा ठेवणाऱ्या तिला?

त्याच आठवड्यात ती आईला ऑफिसात घेऊन आली आणि तिनं तिला टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर खरंच कुणी बसलेलं बघून साहेब दचकले आणि उगाचच उभे राहिले.

"आई, डब्यानं तुझ्यासाठी काय करावं? मी काही बोलत नाही. तू सांग."

आईनं साडीचा काठ बोटानं उसवून बघितल्यासारखं केलं. "खरं सांगू? मला वाट बघायला आवडायचं. जिन्यात पाय वाजले की वाटायचं, आली बाई एकदाची. मग चार शब्द सुनवायचे. ती डब्यातली गुणी आहे, पण ती कधी उशीरच करत नाही. तिच्यावर रागावू कशी? राग साठलाय नुसता." तिनं मुलीकडे बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या नजरेत धार होती. "आणि तुला कळत कसं नव्हतं गं, मी वाट बघतेय ते?"

नवं वाक्य लिहायला वेळ लागला नाही: एकट्या राहणाऱ्या माणसाला ज्याची आठवण येते, त्याच्यापर्यंत ती आठवण पोचवायची; त्याची जागा घ्यायची नाही.

"आणि आवाज?" चष्म्यानं विचारलं.

"त्याचा स्वतःचा. कुणासारखाही नको."

चष्म्यानं जुनं वाक्य पुसलं, नवं घातलं. त्यानंतर एकदा साहेब रंगात येऊन बोलत असताना खुर्चीबाईचा फोन थरथरला. अनोळखी, सपाट आवाज म्हणाला, "तुमची आई तुमची वाट बघते आहे." ती मीटिंग सोडून उठली. साहेब बघतच राहिले.

जिन्यात तिनं मुद्दाम पाय वाजवले. बेलला हात लावायच्या आत दार उघडलं.

"आलात का महाराणी? वाट चुकलात वाटतं! फोन गेला तेव्हापासून आधण दोनदा आटलं, आणि हे काय, केस विंचरायला कुणी बंदी केलीय का?"

खुर्चीबाईला रडू आणि हसू एकदमच आलं. "बोल अजून, बोल."

"बोलणारच आहे. आत तर ये."

आत टेबलावर डबा गप्प होता, त्याचा दिवा मंद पेटलेला. शेजारची ती खुर्ची अजून तशीच ओढून ठेवलेली होती. पुढ्यात कप होता, आणि कपातून वाफ येत होती.

आईनं आणखी एक कप भरला. मग रिकाम्या खुर्चीकडे वळून, घरातल्या धाकटीला म्हणावं तसं म्हणाली, "ऊठ गं जरा. तिला बसू दे."

खुर्चीबाई लगेच बसली नाही. कुणाला उठून बाजूला व्हायला लागतो, तेवढा वेळ ती थांबली.