काकांचं तळं

शेवाळाविषयी इतक्या अदबीने बोलणारा माणूस यमुनेच्या दोन्ही तीरांवर दुसरा नसेल. गाझियाबादच्या पलीकडे, मोहरीची शेते मोडून नवी गृहसंकुले उगवत होती, तिथे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये हे काका राहत. सरकारी प्रयोगशाळेत शेवाळांचा अभ्यास करणे ही त्यांची नोकरी. घरी आल्यावरही तीच. लग्नाच्या मांडवात लोक जेवणाकडे वळत, तर काका कारंज्याकडे. बाटलीत पाणी भरून वधूपित्याला धीर देत, "काळजी नको, पाणी सोसतंय अजून." काकूंना कूलर धुण्याची मुभा नव्हती, त्यात म्हणे शेवाळाच्या चार पिढ्या नांदत होत्या.

संकुलाच्या जाहिरातीत एक निळेशार तळे होते. प्रत्यक्षात तो जुना जलाशय, आणि आम्हा साऱ्यांचे साबणाचे पाणी त्यातच जाई. बिल्डरने शेवाळ मारणारा मोरचूद ओतून त्याला जाहिरातीचा रंग आणला. आम्ही गॅलरीत हरखून उभे, काका मात्र सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "निळं नाही गं, ओसाड झालंय ते."

पुढे घरोघरी गाड्या येऊ लागल्या आणि सेक्रेटरींना तळ्याच्या जागी पार्किंग दिसू लागले. काकांनी हात जोडून मुदत मागितली: सांडपाणी दुसरीकडे वळवा, होळीपर्यंत थांबा, तळे स्वतःच बरे होईल. समितीने मानले. पण बरे होणारे तळे मुळीच देखणे दिसेना. दिवाळीला त्यावर उग्र वासाची हिरवी साय धरली, थंडीत लांब जटा तरंगू लागल्या. काका खूश! "सगळं सोसणारे आधी येतात. नाजूक मंडळी घर पारखून मगच येतात."

माघ सरताना पाणी फिक्या चहासारखे सोनेरी झाले. होळीची वाट न पाहताच बोलावलेल्या सभेत सेक्रेटरी कडाडले, "डॉक्टरसाहब, पहले हरा था, अब भूरा! आप हैं किसकी तरफ?"

"भूरा होना ही तो अच्छा है, जी!"

केवढा हशा पिकला! मी हळूच सुचवले, "काका, चार दिवस निळा रंग टाकू या का? कुणाला कळणार आहे?"

"त्यांना कळेल ना," खिडकीतून तळ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले.

पार्किंगच्या बाजूने हात वर झाले. आमचीही गाडी ठरली होती. माझा हात अर्धाच वर गेला, पण गेला. काकांनी तो पाहिला.

मातीचे ट्रक यायच्या आदल्या दुपारी त्यांनीच मला हाक मारली. काठावर स्टूल, स्टुलावर सूक्ष्मदर्शक. भिंगाखालच्या थेंबात सोनेरी शेवाळाच्या, काचेच्या इवल्या होड्या, नक्षीदार, मधाच्या रंगाच्या, एकमेकींना वाट देत सरकत होत्या.

"बघ," काका कुजबुजले, जणू मोठ्याने बोललो तर बिचकतील, "सगळ्याजणी आल्या."

त्या होड्यांना ट्रकचे कुणी सांगितले नव्हते.