अर्धी गाडी मामीची

मामी गेल्याचं मामाने मला फोनवर सांगितलं ते असं : "बबन, जीपची डावी शीट रिकामी झाली रे..." आणि कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात न समजण्याबद्दल खानदानात प्रसिद्ध असलेला मी म्हणालो, "मग मिस्त्रीला दाखवू ना." पलीकडे मामाने फोन ठेवला. तेव्हा कळलं. दुर्गच्या बोरसीहून मामाच्या वैशाली नगरला स्कूटरने कसा पोचलो ते आठवत नाही. फाटकातून शिरताना आधी जीपकडे पाहिलं आणि मग माणसांकडे, एवढं मात्र आठवतं.

पुढच्या आठवड्यात कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एक वयस्क गृहस्थ बोलायला उभे राहिले. शांत, सुगृहिणी वगैरे झाल्यावर म्हणाले, "कुसुमताईंनी वसंतरावांना आयुष्यभर मोलाची साथ दिली." मामा खुर्चीतून उठला. "साथ नाही. अर्धी गाडी ती चालवत होती." कोणीतरी त्याला पाणी आणून दिलं, कोणीतरी पाठीवर हात ठेवला, गृहस्थांनी समजूतदारपणे मान हलवली. मामाने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्या समजूतदार मानेचा मला अजून राग येतो. म्हातारा दुःखाने बडबडत नव्हता. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अचूक असं विधान त्याने केलं होतं, आणि ते तसं का होतं हे सांगितल्याशिवाय मी आज खाली बसणार नाही.

मामा पोलादाच्या प्लांटच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये इंजिनीअर. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्याने लिलावातली एक जीप घरी आणली. चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी. म्हणजे आता ही कुठेही जाणार, असं मला वाटलं. तसं नसतं. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा लांबचा फेरा मारतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं. पण ते फार भिडस्त. जे चाक सहज फिरतं, त्यालाच फिरवत बसतं. एक चाक चिखलात आणि दुसरं कोरड्यावर असलं, की चिखलातलं भिंगरीसारखं गरगरतं आणि कोरड्यावरचं, ज्याच्यात गाडी ओढायची धमक आहे, ते हातावर हात ठेवून बसतं. आमच्या ऑफिसची रचना मला तेव्हाच नीट समजली. बरं, दोन्ही चाकं एकमेकांना कायमची जखडली तर गाडी चिखलातून निघते, पण मग वळायला तयार होत नाही. तुम्ही स्टिअरिंग फिरवा, तिचं नाक सरळच. म्हणजे कोणत्या चाकाला आत्ता आवरायचं आणि कोणाला आत्ता मोकळं सोडायचं, हे क्षणाक्षणाला ठरवणारं कोणीतरी हवं.

मामा हे सगळं जेवताना समजावून सांगत होता. मामी वर्ध्याकडच्या शेतकरी घरातली, लग्नाआधी बापाचा ट्रॅक्टर चालवलेली. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "ट्रॅक्टरले डाव्या-उजव्या चाकाचे दोन ब्रेक रायते. एक दाबला का तिकडंच वळते. तुमच्या जीपले एकच कावून?" मामा घास तसाच हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. दाबंन कोण?"

"मी का फक्त हवा खायले बसू बाजूले?"

मामाने मागच्या दोन चाकांच्या ब्रेकच्या नळ्या वेगळ्या केल्या आणि दोन शिटांच्या मध्ये दोन लोखंडी दांड्या बसवल्या. डावी ओढली की मागचं डावं चाक आवळायचं, उजवी ओढली की उजवं. गरगरणारं चाक आवळलं की ताकद मुकाट्याने दुसऱ्या चाकाकडे जायची. वळणावर आतलं चाक आवळलं की जीप नाक आत घालायची. लोखंड तळहाताला लागायचं म्हणून मामीने जुन्या सुती साडीचे काठ फाडून दांड्यांना गुंडाळले. डावीला हिरवा, उजवीला जांभळा.

रविवारी शिवनाथ नदीच्या वाळूत सराव चालायचा. मागची चाकं हलकी पडतात, वजन हवं, असं म्हणून मला मागे बसवायचे. मोटारींच्या खेळातली माझी कारकीर्द ही अशी, पोत्याची. पण पोत्याला समोरचं सगळं दिसतं. मामी चाकाकडे कधी पाहायचीच नाही. तिची नजर पुढच्या वाळूवर. ओली वाळू, सुकी वाळू, गोटे... आणि चाक तिथे पोचायच्या आधी हात दांडीवर. जरा जास्त धरली की इंजिन कण्हायचं, जरा उशीर झाला की जीप शेपूट फिरवायची. दोघांची भांडणंही तेवढ्या वेगाने चालायची. "सोडा आता! गॅस सोडा!" "अवं, तू सोड ना दांडी!" "मी सोडली केव्हाचीच, तुमचंच ध्यान नाई!" मी मागे डोळे मिटून, दोन्ही हातांनी जीपची कड धरून.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर दुर्गच्या हौशी मंडळींनी नदीकाठी चिखलातली शर्यत ठेवली. काळी माती, टायरच्या निम्म्यापर्यंत चिखल. आमची जीप रांगेत लागली तसे एक पंच आले, आत डोकावले आणि मामीला म्हणाले, "मैडम, आप उतर जाइए, कपड़े ख़राब होंगे. वज़न के लिए बोरी रख देंगे."

मामीने पदर खोचला. "बोरी तो पीछे बैठी है, भैया. मैं गाड़ी चला रही हूँ."

पंचांनी मामाच्या हातातल्या स्टिअरिंगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पोत्याला शोभेल असा चेहरा केला. नियमात कुठे अडत नव्हतं, सोडलं त्यांनी. आमच्या आधीच्या दोन जीपा तिसऱ्या वळणावर फसलेल्या होत्या. दोन्हींचं एकेक चाक हवेत चिखल उडवत होतं. त्याच जागी आमचं डावं चाक खड्ड्यात उतरलं, पण मामीचा हात हिरव्या काठावर आधीच पोचला होता. जीपने अंग चोरलं, उजव्या चाकावर जोर घेतला आणि बाहेर पडली. पुढच्या वळणांवर ती जीप काळ्या मातीत जे नाचली, ते डोळे उघडे ठेवून पाहिल्याबद्दल मी स्वतःचं आजही कौतुक करतो.

पहिला नंबर आला. ढालीवर नाव मामाचं एकट्याचं. माइकवरचा माणूस म्हणाला, "अब श्रीमतीजी अपने विजेता पति को हार पहनाएँगी." मामी मंचावर चढली, हार घेतला, आणि मामासमोरून तशीच पायऱ्या उतरून खाली गेली. गर्दीने वाट दिली. चिखलाने माखलेल्या जीपमध्ये वाकून तिने तो हार दोन्ही दांड्यांवर मिळून घातला. लोक हसले. मंचावर एकटा मामा टाळ्या वाजवत होता, हात दुखेपर्यंत.

मागच्या वर्षी तिला छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळवलं. त्याच सुमाराला त्यांच्या मुलीच्या, शुभाच्या, नवऱ्याने परदेशातून मोटारींचं एक मासिक आणलं. मामा तिला वाचून, मराठीत करून सांगायचा. तिकडे आता वेगाच्या गाड्या चारही चाकांनी धावतात. आधी त्या वळणावर गॅस दिला की नाक बाहेर फेकायच्या. आता मागच्या डिफरन्शियलला कॉम्प्युटर जोडलाय, तो वळणात बाहेरच्या चाकाला जास्त जोर देतो आणि गाडी आपोआप आत वळते.

मामीने विचारलं, "त्याले समोरचं दिसते का?"

"दिसत नाई. चाक किती फिरून राहिलं, स्टिअरिंग किती वळलं, तेवढंच समजते त्याले."

"मंग मी बरी. मी त आधीच ओढत होती." थोडा दम घेतला... "पण हात नसंन दुखत त्याचा."

तेरवीनंतर शुभा हळूच म्हणाली, "बाबा, जीप आता विकून टाका." पुढच्या रविवारी मला मामाचा फोन. "ये. नदीवर जाऊ." मी सवयीने मागे चढत होतो. त्याने डाव्या शिटेकडे बोट केलं. बसलो. दांड्यांवरचे काठ मळून मळून एका रंगाचे झाले होते. वाळू लागली, मागचं चाक गरगरायला लागलं, मी घाईघाईत एक दांडी ओढली. चुकीची. मग दुसरी ओढली. उशिरा. जीप बुडापर्यंत वाळूत बसली. मला वाटलं आता शिव्या खातो. मामाने इंजिन बंद केलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. "फसली! पाहिलं ना? एकट्याच्यानं नाई होत. आता सांग त्या साथवाल्याले."

पलीकडच्या बाडीतला, म्हणजे भाजीच्या मळ्यातला, एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी अडकवता अडकवता त्याने विचारलं, "कोन चलावत रहिस?"

"आधा मैं," मामा म्हणाला.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मैं तो बोरी हूँ, भाई," आणि डावी शीट सोडून मागे, माझ्या जागेवर जाऊन बसलो. ट्रॅक्टरने ओढ घेतली. मामाने एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसरा दांड्यांकडे नेला... पण ओढली एकही नाही.